साडेआठचं माप

पहाटे ५.३०

आषाढ वद्य चतुर्दशी. उद्या दिव्यांची अवस. पुष्य नक्षत्र चालू आहे, म्हणजे म्हातारा पाऊस. पुनर्वसूतला तरणा पाऊस हवा तेवढा धिंगाणा घालून गेला. यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, हे घरात काकूला तोंडपाठ असतं. मला आज वेगळंच ठरवायचंय. पोफळींवर बोर्डोचा दुसरा हात द्यायचा का?

पहिली फवारणी आगोटीला, पाऊस लागायच्या आत होते. दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नेमकी भर पावसात. ती चुकली तर कोळेरोगानं कोवळी सुपारी गळायला लागते आणि मग बागेत नुसता सडा. फवारायचं तर चढणाऱ्याला खोड कोरडं हवं आणि घडांवरचं औषध सुकायला दोन-तीन तास उघडीप हवी. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून ठेवता येतात, पण एकदा एकत्र केले की त्याच दिवशी संपवावे लागतात. त्यामुळे ‘आज पाऊस कसा आहे’ हा प्रश्न आमच्याकडे वेळ घालवायला कुणी विचारत नाही. त्यात एका माणसाची मजुरी असते आणि वर्षाचं पीक असतं.

अंगणातून पाहिलं. ढग खाली आलेले, पश्चिमेकडून पळतायत. पाऊस म्हणावा असा नाही, रिपरिप आहे. काका ओटीवरून ओरडतात, “गाज कुठून येतेय ती ऐक आधी.” त्यांचा ठोकताळा असा, की समुद्राची गाज गुहागरच्या अंगानं आली तर पाऊस वाढणार, दाभोळच्या अंगानं आली तर उघडणार. यात जादू काही नाही. आवाज वाऱ्याबरोबर येतो, तेव्हा गाज ऐकणं म्हणजे वाऱ्याची दिशा कानानं बघणं. आज ती दोन्हीकडून येतेय, असं काकांचंच म्हणणं. म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही.

सकाळी ६.१५

चहाबरोबर पुतण्याचा मोबाइल. त्याच्या पडद्यावर वारे रंगीत रेघांनी वाहत असतात. युरोपीय मॉडेल दुपारी उघडीप दाखवतंय, अमेरिकन म्हणतंय रात्रीपर्यंत झड. पुतण्या युरोपवाला आहे. क्रिकेटच्या संघासारखी हल्ली पोरं मॉडेलं धरतात.

मी त्याला चौकोन काढून दाखवतो. युरोपीय मॉडेलचा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकन १३ चा. आपल्या हवामान खात्याची भारत फोरकास्ट सिस्टिम २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, ती ६ किलोमीटरवर आली आहे. आता नकाशा बघ. नऊ किलोमीटरच्या एका चौकोनात आपल्या अंजनवेलचा कडा, गोपाळगड, वाशिष्ठीचं मुख, पलीकडचं दाभोळ आणि उरलेला समुद्र, एवढं सगळं येतं. त्या सगळ्याला मिळून एक आकडा. आमच्या परड्यात चार थेंब आणि वेलदूरच्या जेटीवर धो धो, असं रोज होतं. ते त्या आकड्यात दिसणार कुठून?

मग रडार. मुंबईत कुलाब्याला आणि वेरावलीला आहे, दक्षिणेला थेट गोव्यात. आम्ही मधले. मुंबईहून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. रडारचा झोत किंचित वर रोखलेला असतो, शिवाय पृथ्वी गोल. त्यामुळे आमच्यापर्यंत येईतो तो अडीच किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. मे महिन्यातले आणि परतीच्या पावसातले गडगडणारे ढग त्याला छान दिसतात, कारण ते दहा-बारा किलोमीटर उंच असतात. आषाढातला किनाऱ्यावरचा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांचा. आवाज नाही, वीज नाही, आणि खाली माणूस चिंब. रडारवर तेव्हा फिकट निळा ठिपका असतो, कधी तोही नसतो. पडदा कोरा म्हणून वाळवण बाहेर काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

सकाळी ७.०५

आकाशवाणीच्या पुणे केंद्राचं प्रादेशिक बातमीपत्र. काकांचा रेडिओ अजून चालतो. रत्नागिरी जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट, तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता.

काका माझ्याकडे बघतात. “मग, नाही ना बोलवायचा चढणाऱ्याला?”

इथेच बहुतेक लोक फसतात. या वाक्यातला प्रत्येक शब्द मापाचा आहे. मुसळधार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा वर, अतिमुसळधार ११५.६ पासून, आणि २०४.४ च्या पुढे गेला की अत्यंत मुसळधार. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या जिल्ह्यातल्या फार तर पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ असं म्हटलं तर निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ त्याच्याही वर. म्हणजे खात्यानं सांगितलंय एवढंच, की मंडणगडापासून राजापुरापर्यंत, १६७ किलोमीटर किनारा आणि मागे सह्याद्रीचे कडे असलेल्या जिल्ह्यात, चारांतल्या एखाद्या ठिकाणी जोरात पडेल. आणि ते बहुतेक वेळा बरोबर येतं. अंजनवेलला ऊन पडलं म्हणून खातं खोटं ठरत नाही.

नावाचा घोळ आम्हाला नवा नाही म्हणा. एन्रॉनचा वीजप्रकल्प आमच्या हद्दीत उभा राहिला आणि जगभर गाजला तो दाभोळच्या नावानं. दाभोळ खाडीच्या पलीकडे, तालुका दापोली. पावसाचंही तसंच. बातमीत ‘रत्नागिरी’ येतं ते शहरातल्या वेधशाळेचं, सरळ रेषेत ६० किलोमीटरहून जास्त दक्षिणेला. आम्हाला जवळची जुनी वेधशाळा हर्णैची, पण ती खाडीपल्याड उत्तरेला. दोन्ही आकडे ऐकायचे, आणि आपला आपण मोजायचा.

काकांना सांगितलं, चुना नि मोरचूद वेगवेगळ्या पिंपांत भिजत टाका. मिसळायचं नंतर बघू.

सकाळी ८.३०

दिवसातलं एकमेव काम जे मी मिनिटावर करतो.

पर्जन्यमापक परड्याच्या मोकळ्या कोपऱ्यात आहे. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. नियम असा, की जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर माप ठेवायचं. चाळीस फुटी माडापासून ऐंशी फूट. कोकणात हे पाळायचं तर माप वाळूवर नाहीतर समुद्रात नेऊन ठेवावं लागेल. जमेल तितकी मोकळी जागा धरायची, आणि एकदा धरली की बदलायची नाही. थोडी वाईट पण कायमची जागा, दरवर्षी सुधारत जाणाऱ्या जागेपेक्षा बरी. एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना तरी करता येते.

नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे २० मिलिलिटर पाण्याला १ मिलिमीटर पाऊस. आज बाटलीत १,३४० मिलिलिटर. भागिले वीस, ६७. मुसळधारच्या उंबरठ्याच्या जरा आत. ज्याच्याकडे हे उपकरण नाही त्याला सरळ भिंतींचा डबा आणि शाळेतली पट्टी पुरते. डब्याचं तोंड केवढंही असो, भिंती वर-खाली सारख्या असल्या की पाण्याची उंची तीच. पावसात बादली भरली म्हणून सांगतात त्यांची बादली वर रुंद, खाली अरुंद असते, तेवढं सांभाळायचं.

साडेआठच का? कारण ग्रीनिचला तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या ग्रीनिच वेळांना एकदमच निरीक्षण घेतात. आपल्याकडे चोवीस तासांच्या पावसाचा हिशेब या वेळेला बंद होतो. त्यामुळे आज वहीत लिहिलेले ६७ मिलिमीटर बहुतेक सगळे काल पडले, पण तारीख आजची पडते. टीव्हीवाल्यांना हे समजावणं मी सोडून दिलं आहे.

मोजायची ही हौस गोऱ्यांनी आणली असं नाही. कौटिल्यानं अर्थशास्त्रात कुठल्या मुलखात किती द्रोण पाऊस पडतो ते लिहून ठेवलं आहे, कारण पेरणी ठरवायची होती. अवंतीचा आकडा दिला, अश्मकाचा दिला. अपरांताचा, म्हणजे आमचा, पाऊस मोजण्यापलीकडचा म्हणून सोडून दिला. तेव्हापासून आम्ही त्या मापाचं देणं लागतो.

तहसील कचेऱ्यांच्या आवारात जे मापक दिसतं, ते ज्या जातीचं, तिला सायमन्सचं नाव आहे. जॉर्ज जेम्स सायमन्स या इंग्रज माणसानं १८६० मध्ये हौशी लोकांकडून पावसाच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्याकडे तीन हजारांवर जण नोंदी धाडत होते, फुकट. अमेरिकेत १९९७ च्या जुलैत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात एका भागात कहर पाऊस पडून पूर आला आणि शेजारच्या भागाला पत्ताही नव्हता. तेव्हा तिथे घरोघर मापकं ठेवायची चळवळ सुरू झाली ती देशभर पसरली. तात्पर्य काढायची गरज नाही, आमच्याकडे फोर्ट कॉलिन्स रोज असतं.

सकाळी ९.००

फोन सुरू. आमची मंडळी काही संस्था वगैरे नाही. वेलदूरचा एक तांडेल, दाभोळचे निवृत्त मास्तर, चिपळूणला औषधांचं दुकान असलेल्या एक वहिनी, आणि पोफळी गावी वीजकेंद्रात नोकरी करून तिथेच राहिलेले एक गृहस्थ. ओळख पावसामुळेच झाली.

“मास्तर, किती?”

“बावन्न. तुमच्याकडे?”

“सदुसष्ट.”

“पंधरा मिलिमीटर खाडीत सांडले म्हणायचे.”

वहिनींचा आकडा ११८. तो ऐकून कुणी दचकत नाही. ओला वारा समुद्रावरून येतो, किनाऱ्याला थोडं देतो, सह्याद्री आडवा आला की वर चढतो, थंड होतो आणि ओझं टाकतो. म्हणून किनाऱ्यापेक्षा चिपळूण जास्त, आणि घाटमाथा चिपळूणच्याही वर. अंजनवेल ते चिपळूण सरळ रेषेत चाळीस किलोमीटरदेखील नाही. खालचा वारा ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा असला, तर आमच्यावरून गेलेली मोठी सर तासा-दीड तासानं वहिनींच्या दुकानावर असते. आमच्या पश्चिमेला फोन करायला कुणी नाही, फक्त समुद्र. पण वहिनींच्या पश्चिमेला आम्ही आहोत. त्या मालाची खोकी फुटपाथवर उतरवायच्या आधी मला विचारतात, आणि बहुतेकदा कोरडी खोकी आत जातात.

तांडेलाला पावसाशी देणंघेणं नाही. तो वारा आणि लाट विचारतो. होड्या ओढून ठेवल्यात, १ जून ते ३१ जुलै बंदी. पण त्याचा मुलगा जाळी नीट करता करता पुढचे दिवस मोजतोय. हैदराबादचं इन्कॉइस लाटांची उंची आणि उधाणाचे इशारे देतं, ते तांडेल वाचतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय का हे अजूनही विचारतो. तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याची शक्यता; अकरापर्यंत आकडे आहेत आणि दहा म्हणजे महाभयंकर. त्याला फयान विसरता येत नाही. ११ नोव्हेंबर २००९. पावसाळा संपला, आता समुद्र आपला, असं सगळे धरून चाललेले असताना ते वादळ किनाऱ्याला घासत वर गेलं आणि रत्नागिरीकडच्या कित्येक होड्या परत आल्या नाहीत. “वादळाला मोसम नसतो काका,” तो म्हणतो. खरं तर अरबी समुद्रातल्या वादळांना मोसम आहे, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. त्याच दोन मोसमांत हा समुद्रावर असतो, एवढंच.

सकाळी १०.३०

भरतीची वेळ. तक्ता न बघता काढायची रीत: तिथीची पाऊणपट. चौदा गुणिले पाऊण, साडेदहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. मिनिटाचा भरवसा नाही, पण धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीनं जाणाऱ्याला पुरतो.

आज उधाणाचे दिवस. जेटीच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्यात आणि खाडीचं पाणी गढूळ लाल आहे. ही माती आमची नाही, वरची आहे. चिपळूण, खेर्डी, तिवरे. पाऊस इकडून तिकडे जातो आणि पाणी तिकडून इकडे येतं. माझं नि वहिनींचं नातं या दोन वाटांवर उभं आहे. सकाळी मी त्यांना सांगतो, दुपारी त्या मला.

भरतीचा आकडा त्यांना का लागतो हे २२ जुलै २०२१ नंतर कुणाला सांगावं लागत नाही. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. घाटात पाऊस कोसळत होता. महाबळेश्वरला त्याच सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदले गेले. वाशिष्ठी भरून आली आणि खाली खाडी उधाणानं फुगलेली. उतरायला वाट नाही म्हटल्यावर पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, दुकानं बुडवून वरच्या मजल्यांना लागलं. वहिनींचं दुकान तेव्हा गेलं. पर्जन्यमापक त्यानंतर आलं.

पोफळीच्या गृहस्थांचा फोन इथे कामाला येतो. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पूर्वेकडची आहे, पण धरणातलं बरंच पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून वीज केली जाते आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाचा एक हिस्सा कड्याखाली उतरून, टर्बाइन फिरवून, आमच्या जेटीला लागतो. घाटमाथ्याचा पाऊस ऐकल्याशिवाय इथल्या खाडीचा अंदाज बांधता येत नाही. वीज करून झालेलं हे पाणी, म्हणजे अवजल, किती सोडलं, हा प्रश्न चिपळूणकरांच्या तोंडी पावसाळाभर असतो.

दुपारी १२.४५

रिपरिप थांबली. ढगांचा तळ वर गेला, समुद्राच्या बाजूला एक फिकट पट्टा दिसायला लागला. वाऱ्याचा जोर कमी. उपग्रहाचं ताजं चित्र बघितलं: किनाऱ्यालगतचा ढगांचा मोठा पुंजका उत्तरेला, हरिहरेश्वराकडे सरकलाय, आमच्या समोरचा समुद्र दोन-तीन तासांपुरता मोकळा. पुतण्याचं युरोप जिंकलं, हे त्यानं तीनदा सांगितलं.

काकांना म्हटलं, मिसळा.

दुपारी १.३० ते ४.३०

फवारणी. यात सांगण्यासारखं काही नाही. चढणारा दादा एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जातो, आणि खाली उभे असलेले सगळे वर बघत निळे होतात. शेजारच्या मळ्यात लावणी संपत आलेली, तरव्याच्या शेवटच्या मुठी उरल्यात.

मधेच पुतण्या धावत आला. “काका, प्रेशर पडतंय! सकाळपासून तीन मिलिबार.” मोबाइलमध्ये हल्ली दाबमापक असतं, आणि तरुणांना त्यातून चक्रीवादळं दिसतात. त्याला कालचा आणि परवाचा आलेख काढायला लावला. तिथेही दुपारी चारच्या सुमारास असाच खड्डा. हवेच्या दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे नि दुपारी चारला उतार. आपल्या अक्षांशात ही रोजची चढउतार तीन-चार मिलिबारची. थंड देशांत ती एवढी ठळक नसते, म्हणून तिकडच्या पुस्तकांत ‘दाब पडला की वादळ’ असं सरळ लिहिलेलं असतं. आपल्याकडे आजचे चार कालच्या चारशी ताडून बघायचे. त्यात फरक पडला तर बोल.

सायंकाळी ५.३०

टाळकेश्वराच्या टोकावर. दीपगृहाजवळून पश्चिमेचा समुद्र पूर्ण उघडा दिसतो. वेळ असेल तेव्हा तांडेलही येतो. मोबाइल खिशात.

इथे काय बघायचं? क्षितिजाची रेघ. ती सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ असेल तर पुढचा तासभर निवांत. एखाद्या जागी पुसट झाली तर तिथे सर आहे. ती जागा आपल्या उजवीकडे सरकते की डावीकडे, की जागच्या जागी राहून नुसती रुंद होतेय, हे बघायचं. रुंद होत असेल तर ती आपल्याकडेच येतेय, छत्री उघडा. मग लाट. वारा पडलेला असून मोठ्या, लांब अंतराच्या लाटा येत असतील तर त्या दूर कुठेतरी झालेल्या वाऱ्याच्या आहेत.

खाली डावीकडे वायूच्या टर्मिनलचा बंधारा दिसतो. लाटा अडवणारी ही भिंत पुरी नसल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात इथे वायूची जहाजं लागू शकत नव्हती. अब्जावधींचा प्रकल्प, पण आषाढातल्या लाटेपुढे त्यानंही वेलदूरच्या होडीसारखं गप्प राहायचं. तांडेलाला हे सांगताना फार आनंद होतो.

क्षितिज एका जागी पुसट झालं. रुंद होत गेलं. वहिनींना कळवलं: सहाच्या आसपास आमच्याकडे, साडेसातपर्यंत तुमच्याकडे.

सायंकाळी ६.१०

आली. चांगली बदाबदा. फवारणी संपून दीड तास झाला होता. औषध सगळ्या घडांवर पुरतं सुकलं असेल असं म्हणवत नाही, पण शेवटच्या काही पोफळी सोडल्या तर धरेल.

सायंकाळी ७.३०

दिवसातला सर्वांत कंटाळवाणा भाग: मोबाइलवर फिरणारा निरोप. ‘पुढचे ४८ तास कोकणासाठी धोक्याचे, घराबाहेर पडू नका, हवामान खात्याचा इशारा’. तारीख नाही, सही नाही. तीन नातेवाइकांकडून आला. त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणे, मागच्या वर्षीही आला होता. मग बरोबरच असणार!

दुसरा वैताग ‘ढगफुटी’ या शब्दाचा. ओढा भरला की ढगफुटी, रस्ता वाहून गेला की ढगफुटी. साधारण २०-३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटरहून जास्त पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. जिथे तासाचं सोडाच, दिवसाचंही माप नाही, तिथे ती झाली की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. गटार तुंबलं असेल, मोरी बुजवून कुणी कुंपण घातलं असेल, तर ढगाला दोष देणं मात्र सोयीचं पडतं.

आमचा नियम कडक आहे. आम्ही नोंद कळवतो, दिसलेलं कळवतो, इशारा कळवत नाही. इशारा खात्याचा आणि प्रशासनाचा. हौशी माणसाची मला एवढीच कसोटी वाटते: त्यानं उद्याचा पाऊस सांगण्याआधी कालचा किती पडला ते सांगावं. वही नसताना अंदाज सांगणारे पुष्कळ आहेत. कुठे अक्षय्य तृतीयेला घट मांडून सांगतात, कुठे मोबाइलवर रंगीत नकाशे दाखवून. मला दोघांशी भांडायचं नाही. कोरड्या दिवशी न चुकता शून्य लिहिणारा माणूस दाखवा, त्याचं मी ऐकेन.

रात्री ९.००

जेवण झालं, काकूनं उद्यासाठी घासलेले दिवे पाटावर मांडून ठेवलेत. मी एका जुन्या बाडासमोर बसतो.

तालुक्यातल्या एका घरी माळा साफ करताना पंचांगांचा गठ्ठा निघाला. घरातल्या कुणी पूर्वजानं पंचांगांच्या समासात पाऊस लिहिला आहे. काही ठिकाणी इंचांत, काही ठिकाणी ‘रात्रभर झड’, ‘वहाळास पूर’, ‘आज ऊन, भात वाळत घातलें’ एवढंच. कुठल्या भांड्यानं मोजलं ते लिहिलेलं नाही. तरी त्याची किंमत आहे. इंचाचे मिलिमीटर करायला २५.४ नं गुणायचं. ‘झड’चं काय करायचं ते पुढच्या अभ्यासकानं ठरवावं. मी फक्त उतरवून घेतो, शब्द न बदलता.

हे काम फुकट जात नाही याला दाखला आहे. सायमन्सच्या माणसांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी भरलेले पावसाचे ६५ हजारांहून जास्त कागद इंग्लंडच्या दप्तरात पडून होते. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या १६ हजार स्वयंसेवकांनी ते संगणकावर उतरवले, पन्नास लाखांवर नोंदी. त्या देशाचा पावसाचा इतिहास त्यामुळे कितीतरी मागे गेला. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, हवामान खातं १८७५ चं. मोठ्या ठिकाणांच्या नोंदी आहेत. नाहीत त्या मधल्या गावांच्या. अडूर, पालशेत, हेदवी, वेळणेश्वर, आंजर्ले, बुरोंडी. ज्यांच्या नावानं बातमीपत्रात कधी पाऊस पडत नाही अशा गावांच्या.

म्हणून कोकणातल्या आणि कोकणातून मुंबई-पुण्याला गेलेल्या घरांना एक विनंती. यंदा गणपतीला गावी याल तेव्हा माळ्यावर, पेटाऱ्यात, देवघरामागे जुनी पंचांगं, खोतीच्या वह्या, शाळामास्तरांच्या रोजनिश्या असतील त्या रद्दीत घालू नका. पाऊस, पूर, वादळ, पहिली लावणी, विहिरीचं पाणी यांची एक ओळ जरी दिसली तरी त्या पानाचा सरळ वरून, उजेडात फोटो काढा. गावाचं नाव, लिहिणाऱ्याचं घराशी नातं आणि माहीत असेल तर मोजायचं भांडं, एवढं मागे लिहा. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, एक दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे द्या. पान फाटकं असलं तरी चालेल, तारीख तेवढी वाचता आली पाहिजे.